आवाज बसला आहे

शिरूर,
चैत्र वद्य ९, शके १८३५

बद्रीदादाला सारजाबाईचा दंडवत.

हे पत्र आमच्या शाळंचे उत्तरेश्वर मास्तर लिवायलेत. त्यांनी सुरवातीलाच 'आपली कृपाभिलाषी चरणरज' का कायसं लिवलं व्हतं. मी वाचून घेतलं आन् खोडायला लावलं. म्हनलं मास्तर, ह्या माणसानं मला चाँदमियाँच्या अंगणात पदरानं नाक पुसताना बघितलंय, एका उस्तादाचे आमी दोघं चेले, त्याच्यापुढं कसली चरणरज? मी बोलते तसंच लिवा. मास्तर रुसलेत, पन लिवायलेत.

उमापूरची चैत्री जत्रा करून आमी परवा घरी आलो. सटवाभाऊचा तबला वाटंत बैलगाडीतून पडला, त्याला काय झालं न्हाई, सटव्यालाच लागलं. तुमी मंडपात पुढंच बसलेलते. सुंदरराव देशमुखानं तुमाला तांबडा फेटा बांधला, लई देखणे दिसत व्हता. पन मला तवा बोलता आलं न्हाई, म्हनून हा कागद.

दादा, तिसऱ्या दिवशी भीमपलासात वर जाताना मपल्या गळ्यात कायतरी लागलं. दळताना जात्यात खडा येतो का न्हाई, तसं. दोनदा लागलं. सटव्याला इचारलं तर म्हनतो, तबल्याच्या आवाजात मला काय ऐकू येतंय. खोटं बोलतो मेला, भाऊ हाय ना. मंडपातले लोक वा वा म्हनत व्हते, पन ते लोक पानाचं तबक आलं तरी वा म्हनतेत.

आता देशमुख म्हनतो, नवरात्रात नऊच्या नऊ दिवस गाणं तुमचंच. मला भ्या वाटतंय. आमी मेंढरामागं फिरणारी माणसं, देशमुखाला न्हाई म्हनायचं बळ मपल्या तोंडात न्हाई. पन तुमी नगरच्या साप्ताहिकात लिवणार हाव. तुमी छापलं का हिचा गळा थकलाय, हिला वर्षभर गाऊ देऊ नका, तर तुमचाच कागद देशमुखाला न्हाई म्हनंल. मी गप मेंढरं घेऊन गोदेकडं जाईन आन् तोंड मिटून बसन. आन् तुमी लिवलं का गळा चांगलाय, तर खडा मपल्या मनातलाच म्हनायचा, आन् नऊ दिवस गायचं.

पत्रात सांगू नका. पत्रात माणूस मायेनं लिवतो. छापायला बसलात का तुमी कुणाच्या बापाला भीत न्हाई, हे मला ठावं हाय. चाँदमियाँ काय म्हनायचे? 'झूटी वाहवा नक्को दे रे, गानेवाले का गला काटती वो.' तवा छापा. मी वाट बघायलेय.

घरी वयनीला नमस्कार. सारजाबाई म्हनती म्हनून लिवलं, दस्तुर उत्तरेश्वर.

~

मोमिनाबाद,
वैशाख शुद्ध १२, शके १८३५

सारजे, अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. उत्तरेश्वर मास्तरांचं अक्षर मोत्यासारखं आहे, त्यांना म्हणावं रुसू नका, चरणरज मला तुमच्याकडूनही नको.

तू मला छापायला सांगतेस, तर ऐक, हे काम किती नाजूक झालंय. पूर्वी मी कसं लिहायचो तुला माहीत आहे. कोणता सूर, कोणत्या वेळी, कसा लागला, एवढंच. 'कोकिळकंठी', 'अमृताचे शिंपण', 'श्रोते तल्लीन होऊन गेले', हे शब्द मी घरात शिरू दिले नाहीत. 'शब्द अपुरे पडतात' असं जो लिहितो त्याच्याजवळ ते मुळात नसतातच. बीडला एका मोठ्या बुवांचा तंबोरा उतरलेला होता तर मी 'तंबोरा उतरलेला होता' असं लिहिलं, आणि त्यांच्या शिष्यांनी मला वर्षभर शिव्या दिल्या. त्या शिव्या मी आनंदानं खाल्ल्या.

पण आता संपादक म्हणतात, पंत, जरा गोड लिहा, तुमचं टिपण वाचून यजमान चिडतात. आणि खरं सांगायचं तर यजमानांचंही एक मन असतं. सुंदररावांनी किती प्रेमानं बोलावलं, खास छकडा पाठवला, सगळ्या गावादेखत फेटा बांधला. तेव्हा कोणाचं मन न दुखवता खरं सांगायचं, अशी मी एक युक्ती काढली आहे. सांगायला हरकत नाही, मला माझंच कौतुक वाटलं.

टिपण छापून आलं. कात्रण सोबत आहे. त्यात लिहिलंय ते इथेही उतरवतो:

'उमापूर येथील चैत्री उत्सवात सारजाबाई शिरूरकर यांचे गायन तीन दिवस झाले. मंडप, बैठक व पानसुपारी यांची व्यवस्था श्रीमंत सुंदरराव यांनी चोख ठेविली होती. बाईंची तालीम जुनी व कसलेली. वीस वर्षांच्या अखंड मेहनतीनंतर आता त्यांचा आवाज बसला आहे. रसिकांनी काय ते समजावे.'

तुझ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. कान देऊन वाचून घे. तू शहाणी आहेस.

तुझा गुरुभाऊ,
बद्रीनाथ

~

शिरूर,
ज्येष्ठ शुद्ध ३, शके १८३५

बद्रीदादाला दंडवत आन् वर एक नारळ.

कात्रण आलं. मास्तरांनी तीनदा वाचलं. मी म्हनलं, 'आवाज बसला' मंजी काय वो? मास्तर म्हनले, बाई, जशी धोतराची घडी बसती, लिवणाऱ्याचा हात बसतो, तसा तुमचा आवाज आता सुरावर बसला. वीस वर्षांची मेहनत फळाला आली, असा अर्थ. पंतांसारखा कडू माणूस असं लिहितो मंजी लई मोठी गोष्ट हाय. सटवाभाऊ दारात तबल्याला वादी आवळत बसलेला, तो कायतरी बोलाय लागला व्हता, पन मास्तरांनी त्याला गप केलं, म्हनले छापील मजकुरात तोंड घालू नको.

दादा, कागद कपाळाला लावला मी. रडले बी. मला वाटत व्हतं गळा गेला का काय. सांगू का, चैत्रापासून मी तोंड उघडलं न्हवतं, ज्येष्ठमध चघळून जीभ काळी केली व्हती. तुमचं छापलेलं ऐकलं आन् सकाळी सिंदफणेच्या वाळूत जाऊन बसले, पहिल्यासारखं दोन घंटे गायले. खडा लागला. पन म्हनलं, लागू दे, दादा म्हनतो न्हाई मंजी न्हाई. मपल्या कानापरीस दादाचा कान खरा.

देशमुखाला हो म्हनून सांगितलं. नऊ दिवस. तुमी या. पुढं बसा.

तुमची सारजा

~

मोमिनाबाद,
आषाढ शुद्ध ७, शके १८३५

सारजे, आशीर्वाद.

पत्राचं उत्तर द्यायला महिना लागला. शाळेची तपासणी होती, साहेब उर्दूत प्रश्न विचारणार आणि पोरं मराठीत घाबरणार, त्यात मी अडकलो होतो. दुसरं काही कारण नाही.

तू आनंदात आहेस हे वाचून बरं वाटलं. मास्तरांनी घडीचं उदाहरण छान दिलं. भाषा मोठी मजेची चीज आहे, एकाच शब्दात किती अर्थ बसतात.

काल सुंदररावांचे कारभारी अर्जुनराव येऊन गेले. नवरात्राची जाहिरात नगरहून छापून आणली आहे, पिवळ्या कागदावर. वर देवीचं चित्र, खाली तुझं नाव, आणि त्याखाली बोटाएवढ्या अक्षरांत 'आवाज बसला आहे!' आणि त्याखाली 'सुप्रसिद्ध रसिक बद्रीनाथपंत, मोमिनाबाद.' उद्गारचिन्ह माझं नाही, ते त्यांनी घातलं. गेवराईपासून पैठणपर्यंत चिकटवणार म्हणतात. मला गंमत वाटली, आणि थोडं कसंसंही वाटलं. अर्जुनराव म्हणाले, पंत, यंदा तुम्हाला जरीचा फेटा आहे.

एक सुचवतो. नऊ दिवस म्हणजे जरा जास्तच होतात. पाच पुरेत. भाद्रपदात गार पाणी पिऊ नकोस. वाळूत बसून गाऊ नकोस, धूळ जाते. ज्येष्ठमध सोडायला नको होतास, चालू ठेव. गळा म्हणजे गळाच आहे, काचेचं भांडं. यातलं काही मनाला लावून घेऊ नकोस, वडीलकीच्या नात्यानं लिहिलं.

बद्रीनाथ

~

शिरूर,
श्रावण शुद्ध २, शके १८३५

दादा,

हे पत्र मास्तरांना मी एका दमात लिवाय सांगितलंय, मधी थांबू नका म्हनून.

छापता तवा म्हनता आवाज बसला. घरी लिवता तवा म्हनता कमी गा, गार पाणी नको, ज्येष्ठमध खा. कावून? ह्यातलं खरं कंचं? मी दोन दिवस इचार केला आन् मपल्या मनात एक वाईट गोष्ट आली. ती सांगते, राग आला तर येऊ द्या.

चाँदमियाँनं तुमाला सगळ्यांपुढं सांगितलं व्हतं, 'बद्री, तेरे गले में सुर नक्को ढूंड, तेरे कान में है.' तुमी त्या दिवसापासून गाणं सोडलं. मला तवा तुमचं लई वाईट वाटलं व्हतं. आता माझं नाव पिवळ्या कागदावर पैठणपतूर लागतंय. तुमाला ते सलतंय का? नऊ दिवस तुमाला जास्त वाटायलेत का मला?

तसं असंल तर गप बसा, मी समजून घेईन, भावाभावात बी असतंय. आन् तसं नसंल, गळ्यातच काय असंल, तर दोन वळी लिवा. 'सारजे, तुझा गळा बिघडलाय.' इतकंच. बाकी ज्येष्ठमध-बिष्ठमध काय नको. मी त्याच दिवशी देशमुखाच्या पाया पडून न्हाई म्हनून येईन. नारळी पुनवेपतूर वाट बघते.

सारजा

~

शिरूर,
कार्तिक शुद्ध ११, शके १८३५

तीर्थस्वरूप बद्रीनाथपंत यांचे सेवेशी, उत्तरेश्वराचा साष्टांग नमस्कार.

आजवर मी दुसऱ्याची पत्रं लिहीत होतो. हे माझं स्वतःचं आहे, बाईंना न सांगता लिहितो आहे. नारळी पौर्णिमा गेली, आपलं उत्तर आलं नाही. बाई रोज टपालवाल्याची वाट बघत वेशीपर्यंत जात. पुढे एक दिवस म्हणाल्या, दादाला सलतंय, गप बसला. मग उमापूरला गेल्या. मीही रजा काढून गेलो.

आपण आला नाहीत. ताप आहे असा निरोप आल्याचं अर्जुनरावांनी सांगितलं. आपली जागा मोकळी ठेवली होती. जरीचा फेटा तबकात ठेवला होता, तो शेवटपर्यंत तसाच होता.

पहिले तीन दिवस बाई गायल्या. चौथ्या दिवशी आवाज खरखरीत झाला. मला वाटलं, लोक कुजबुजतील. पण लोकांच्या हातात पिवळी जाहिरात होती. माझ्या शेजारी पैठणचे एक गृहस्थ होते, ते मुलाला सांगत होते, ऐक, ह्याला म्हणतात आवाज बसणं. बाई जितक्या ओढून गात होत्या तितकी माना हलवून दाद मिळत होती. पंत, मीही हलवली. मला संगीतातलं कळत नाही, मी छापील शब्दावर विसंबलो होतो.

सहाव्या दिवशी तिसऱ्या प्रहरी भीमपलास सुरू होता. बाई वर गेल्या आणि आवाज आलाच नाही. तोंड उघडं, मान ताठ, नुसता वारा. लोकांना वाटलं काही खास जागा घेतली, त्यांनी वाहवा केली. सटवाभाऊनं तबला थांबवला, डग्गा बाजूला सारला आणि बहिणीच्या तोंडावर हात धरला. तेव्हा कळलं.

बीडच्या हकीमांना दाखवलं. ते म्हणाले, सहा महिने एक शब्दही बोलायचा नाही. पुढे बोलता येईल. गाणं मात्र आता नाही. चैत्रात आला असतात तर विश्रांतीनं भरून आलं असतं, असंही म्हणाले. बाईंनी ते ऐकलं, मान हलवली आणि उठून बाहेर गेल्या.

आता मी त्यांना पाटीवर अक्षरं शिकवतो आहे. बोलता येत नाही तर लिहिता तरी यावं म्हणून. 'ज्ञ' बघून त्यांनी पाटी फेकली, पण बाकीची येतात.

ज्यासाठी लिहायला बसलो ते आता लिहितो. मी 'बसला' वाचलं आणि घडीचं उदाहरण दिलं, त्या दिवशी सटवाभाऊ दारातून म्हणाला होता, 'मास्तर, आवाज बसला मंजी गेला की. आमी तर तसंच म्हनतो.' मी त्याला अडाणी म्हणून गप केलं. आता ते वाक्य माझ्या कानातून जात नाही. घसा बसतो, हे मला काय माहीत नव्हतं? वर्गात ओरडून माझाच आठवड्यातून एकदा बसतो. पण छापलेलं होतं, आपलं होतं, म्हणून मी मोठा अर्थ शोधत बसलो.

आपण भला अर्थच लिहिला असणार, याबद्दल मला शंका नाही. चूक झाली ती माझी, गळा बिघडलेला असताना मी धीर दिला. तरी आपण एका ओळीनं कळवावं की तो शब्द कोणत्या अर्थानं होता. म्हणजे मला बाईंचे पाय धरता येतील. आपण नुसतं 'मास्तरांचा वाचण्यात दोष झाला' एवढं लिहिलंत तरी मला पुरे आहे.

आपला,
उत्तरेश्वर

~

मोमिनाबाद,
मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८३५

सारजे,

उत्तरेश्वर मास्तर, हे पत्र बाईंना वाचून दाखवा. एक शब्द बदलू नका, मऊ करू नका, मध्ये थांबून अर्थ सांगू नका. याला एकच अर्थ आहे.

मास्तरांचा दोष नाही. ते मला आयतं निसटायला दार उघडून देत होते. त्यांचं पत्र आल्यावर मी चार दिवस त्या दारात उभा होतो. 'वाचण्यात दोष झाला', तीनच शब्द, तेही दुसऱ्यानं सुचवलेले. एका कागदावर मी ते लिहिलेसुद्धा. मग माझी मलाच शिसारी आली.

सारजे, तुझा खडा मला पहिल्याच दिवशी ऐकू आला. तिसऱ्या दिवशी नव्हे. मुलतानीत वरच्या षड्जावर आवाज नुसता घासून गेला, तुला स्वतःला कळलं नसेल. मला कळलं. सटव्याला कळलं, त्यानं तबल्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी ऐकलंय का, एवढंच तो बघत होता. आणि मी काय केलं? मान डोलावली. डोक्यावर फेटा असला की मान एकाच दिशेला हलते गं. नवा, कडक, तांबडा फेटा, सगळं गाव बघतंय, शेजारी देशमुख. आयुष्यात मला कोणी फेटा बांधला नव्हता.

घरी आलो आणि तुझं पत्र आलं. टिपण तोवर पाठवलं नव्हतं, हेही ऐक. तू जे मागितलंस ते मला लिहिता येत होतं. तुझा गळा थकलाय, हे तीन शब्द. पण मग सुंदरराव चिडले असते, पुढचं आमंत्रण गेलं असतं. म्हणून मी 'बसला' शोधला. यजमानाला वाटावं घडी बसली, जाणत्याला कळावं घसा बसला, आणि माझ्यापुरतं म्हणता यावं की मी खरं लिहिलं. त्या शब्दावर मी इतका खूश होतो की बायकोला वाचून दाखवला. ती म्हणाली, आणि सारजेनं कोणता अर्थ घ्यायचा? मी म्हटलं, तिला कळेल, ती शहाणी आहे. शहाणं होणं मी तुझ्यावर ढकललं.

खोटी स्तुती लिहिणारे मला कळतात. ते निदान उघड खोटं लिहितात, वाचणारा त्यातलं निम्मं सोडून देतो. मी त्यांच्यापेक्षा वाईट. माझ्या नावावर लोक विश्वास ठेवत होते, तू ठेवत होतीस. त्या विश्वासात मी तो शब्द गुंडाळून दिला.

आणि ज्येष्ठात तुझं पत्र आलं, कागद कपाळाला लावला म्हणून. तू उलटा अर्थ घेतलास हे मला तेव्हाच कळलं. महिनाभर उत्तर लिहिलं नाही. शाळेची तपासणी एका दिवसाची होती.

नारळी पौर्णिमेचं सांगतो. तू सलतंय का विचारलंस, ते मला झोंबलं. मी म्हटलं, एवढं बोलते ना, मग घे गाऊन. मनात हेच होतं. आता नीट पाहिलं तर सलत होतं, थोडं सलतच होतं. चाँदमियाँनी मला चारचौघांत सांगितलं तेव्हा मी घरी जाऊन रडलो होतो, पण त्यांनी खरं सांगितलं म्हणून माझी दहा वर्षं वाचली. तुझी वाचवायची वेळ आली तेव्हा तू दोन ओळी मागितल्यास, आणि मी रुसून बसलो. नवरात्रात मला ताप आला नव्हता. घरात बसून होतो, आणि रोज तिसऱ्या प्रहरी घड्याळाकडे बघत होतो.

मागच्या आठवड्यात उमापूरला जाऊन आलो. सुंदररावांपुढे तांबडा फेटा ठेवला आणि खालचं टिपण त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, एवढ्याशा शब्दावरून? मग म्हणाले, पंत, बाई म्हणजे गळा, गळे काय दुसरे मिळतात. मी उठून आलो. पुन्हा बोलावणं येणार नाही. टिपण साप्ताहिकाला पाठवलंय. संपादक म्हणतात बातमी शिळी झाली, तरी छापायचं कबूल केलंय, कोपऱ्यात. ते असं आहे:

'गेल्या चैत्रात उमापूर येथे सारजाबाई शिरूरकर यांचे गाणे तीन दिवस ऐकले. मधल्या सुरांत त्यांच्या आवाजाला जी गोलाई होती ती मी दुसऱ्या कोणात ऐकलेली नाही. वरच्या षड्जावर पहिल्या दिवशी आवाज घासला, तिसऱ्या दिवशी दोनदा फाटला. गळा थकला होता. त्यांना वर्षभर विश्रांती हवी होती. हे मला त्या वेळी ऐकू आले होते आणि मी लिहिले नाही. "आवाज बसला आहे" असे दुहेरी लिहिले, कारण मला यजमानांची मर्जी हवी होती. त्या वाक्यावर विसंबून त्या नवरात्रात गायल्या व त्यांचा आवाज गेला. दोष लिहिणाराचा आहे.'

हे मी वैशाखात लिहायला हवं होतं. त्यातल्या पहिल्या पाच वाक्यांनी तुझा गळा वाचला असता. तेवढीच लागत होती.

माझ्यावर दया करून काही लिहू नकोस. लिहावंसं वाटलं नाही तर मुळीच लिहू नकोस, मी टपालवाल्याला रोज विचारीन, ते मला विचारू दे.

बद्रीनाथ

~

शिरूर
पौस

दादा

हे मी लिवलं. मास्तर बाजूला हाय पन हात लावत नाई. चुकलं तर चुकू दे.

तुमचं पत्र दोन डाव आईकलं. मास्तरनं काई बदललं नाई. मधी रडला, पन बदललं नाई. सटवा म्हनला मी सांगितलं व्हतं. मग सटवा बी रडला.

मला बोलाय बंदी हाय म्हनून शिव्या देता येत नाई. लई येतेत. लिवायला शिकले का देईन.

मेंढरं वरडतेत. मी हाक मारत नाई, टाळी वाजविते. येतेत.

तुमी माफी मागता. माफ केलं आसं लिवाय बसले. मास्तर म्हनला लिवा बाई, त्याला बरं वाटंल. पाटीवर लिवलं आन पुसलं. मला तसं वाटत नाई आजून. वाटलं नसताना लिवलं तर ती बी झूटी वाहवा.

तुमच्या पत्राचं सांगते. सूर खरा लागला. सम गेली निघून.

माफ जवा वाटंल तवा लिवीन. नाई वाटलं तर तसं लिवीन. टपालवाल्याला इचारत जावा.

सारजा